ते थांबवायचं कसं?

विमानाबद्दल मला प्रश्न विचारणारी माणसं आता जवळजवळ संपली, हे माझ्या म्हातारपणाचं एक सुख आहे. नातवंडांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि माझ्या वयाचे जे दोघं-तिघं उरलेत त्यांना ऐकू येत नाही. पण एक काळ असा होता, की आकुर्डीपासून देहूपर्यंतच्या टापूत कुणाच्याही डोक्यावरून विमान गेलं की त्याचा जाब मला द्यावा लागे. लोहगावकडून एखादं विमान घरघरत आलं, की बांधावर वाकलेली माणसं सरळ होत, कपाळावर हात धरून वर बघत, आणि विमान दिसेनासं झालं की मला शोधत. जणू ते मीच सोडलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. विमानातलं मला तोवर काय येत होतं ते एकदा खरं सांगून टाकतो: मला ते पुसायला येत होतं, ढकलायला येत होतं, आणि त्याच्या पंखाचं टोक हातात धरून त्याच्याबरोबर वीस पावलं पळायला येत होतं. तेही विमान कसलं, बिनइंजिनाचं ग्लायडर. पण गावाला मी हा पुसण्या-ढकलण्याचा तपशील फार उशिरा सांगितला, आणि सांगितला तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

हे खूळ लागलं पिंपरीला. पिंपरीला तेव्हा औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि मी तिथे बाटल्या धुवायला लागलो होतो. दिवसभर गरम पाण्यात हात. बोटांची टोकं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी होत. तिथल्या फळ्यावर एक दिवस कागद लागला, की पुण्याच्या पलीकडे माळावर ग्लायडिंगचं केंद्र आहे, तरुणांना रविवारी शिकवलं जाईल. आमच्या खात्यातल्या चौघांनी नावं दिली. पहिल्या रविवारी आम्ही चौघं गेलो, दुसऱ्या रविवारी दोघं, आणि तिसऱ्या रविवारपासून मी एकटा. बाकीचे शहाणे होते. आकुर्डीहून त्या माळावर सायकलनं जायला दोन तास लागत आणि यायला तीन, कारण येताना वारा तोंडावर असे आणि पोटात काही नसे. आठवड्याचे सहा दिवस कारखान्याचा भोंगा, भोंग्याआधी आणि भोंग्यानंतर वडिलांचं, म्हणजे आबांचं, शेत, आणि रविवारी हे. मी त्या वर्षी किती झोपलो हे मला आठवत नाही, पण कुठे कुठे झोपलो ते आठवतं. एकदा दापोडीच्या अलीकडे सायकल चालवता चालवता झोपलो आणि रस्त्याकडेच्या चरात जागा झालो. एक बाई डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "आरं, घरी झोपायचं की!" आज या वयात तासभर चाललो तरी गुडघे बोलतात, आणि त्या मुलाची आठवण आली की मला त्याचं कौतुक वाटत नाही. नुसता शीण येतो. त्याला धरून खाटेवर आडवा करावासा वाटतो.

आमचं घर रस्त्यापासून आत, तीन खणांचं, आणि त्याला लागून तेवढाच मोठा गोठा. गोठ्यात पवळ्या आणि मोऱ्या. आबा घरात झोपत की गोठ्यात, हा आमच्याकडे थंडी-पावसावर अवलंबून असलेला प्रश्न होता. आबा फार बोलत नसत. दिवसाकाठी जी काही पंचवीस-तीस वाक्यं त्यांच्या तोंडून बाहेर पडत, त्यांतली वीस बैलांच्या वाट्याला जात. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. घाटउताराला भरलेली गाडी न्यायची असली, की लोक आबांना बोलवायला येत. उताराला गाडी बैलांच्या अंगावर येते, तेव्हा कासरा नेमका किती ताणून धरायचा हे त्यांच्या मनगटाला कळे. मला त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षी गाडीवर बसवून हातात कासरा दिला होता आणि एकच गोष्ट शिकवली होती: भ्यालास की वढायचं. ओढलं की वेसण ताणते, बैल मान वर करतात आणि गाडी उभी राहते. बाकीचं नंतर बघता येतं.

आईचा सगळा कारभार आवाजावर चाले. पहाटे ती जात्यावर बसली की मी अर्धवट झोपेत त्या घरघरीवर तरंगत असे. जात्यातले दाणे संपत आले की आवाज पोकळ होई, आणि तो पोकळ होण्याआधीच तिची मूठ पडे. डोळे मिटून. आमटीला उकळी फुटली का, हुलग्याचं माडगं तळाला लागतंय का, मोऱ्या दावं तोडतोय का, सगळं ती पाठमोरी बसून सांगे. तिनं विमान नीट असं कधी पाहिलंच नाही. मान वर करायला वेळ नसे. पण ते जड आहे की हलकं, हे ती आवाजावरून सांगत असे.

प्रश्न सुरू झाले ते गेनूअण्णाच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली एक भट्टी आणि दोन बाकडी. मी कारखान्यातून परत येताना तिथे थांबलो, की सायकल लावायच्या आत सुरुवात होई.

"का रं, इंजान न्हाई म्हंतोस, मंग त्ये पडत कसं न्हाई?"

"वाऱ्यावर ऱ्हातंय, अण्णा."

"आन् वारा पडला तर?"

"वर वारा पडत नसतो." हे मी इतक्या ठाम सुरात सांगितलं, की मलाही ते खरं वाटलं.

मग पुढचे. वर गेल्यावर भोवळ येती का? चष्मेवाल्याला घेत्यात का? पावसात भिजतंय का? वरनं आपलं घर वळखू येतं का? शेपूट कशाला लावत्यात? किती दिसांत शिकता येतं? आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मागच्या बाकड्यावरून, सगळ्यांच्या मनातला: "आन् राव, वर लघवीला लागली तर?" त्यावर हॉटेल हसे, आणि मी गंभीर चेहरा करून सांगे, की त्याची वेगळी नळी असते. नळी नव्हती. वर जाऊन खाली यायला चार-पाच मिनिटं लागत. पण चार मिनिटं असं सांगितलं असतं, तर पाच तास सायकल कशासाठी हाणतोस, हा पुढचा प्रश्न आला असता.

खरी उत्तरं मला कर्णिक सर देत. ते केंद्रावर शिकवायचे; हवाई दलातून निवृत्त झालेले, उंच, चिडके, आणि माझ्या आईच्या लसणाच्या चटणीचे भक्त. शिकवणीच्या ग्लायडरमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसत असू. ते एकदा म्हणाले, "हे बघ, ग्लायडर उडत नाही. ते सतत खाली येत असतं. उतारावरून गाडी सोडली तर ती जशी येते तसं. माळाच्या टोकाचं यंत्र तार ओढतं, ती तार आपल्याला उंच नेऊन सोडते, तिथून जमिनीपर्यंत सगळा उतार. हा उतार लांबवायचा, एवढंच आपलं काम." मला ते चटकन पटलं. उतार आणि गाडी मला कळत होती. पुढे ते जे म्हणाले, ते मात्र माझ्या डोक्यात गेलं आणि हातात आलं नाही. "पण ही गाडी थांबत नाही. वेग आहे तोवर ती तुला धरून ठेवते. समोरची दांडी मागे ओढलीस की नाक वर जातं, वेग मरतो, वाऱ्याचा आवाज बंद होतो. तो आवाज बंद झाला की ग्लायडर नाही, तू एका खोक्यात बसलेला दगड आहेस. घाबरलास तर दांडी पुढे करायची. जमिनीकडे. कळलं?"

"कळलं, सर."

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जात्यागतच की. आवाज पोकळ व्हायच्या आदी मूठ टाकायची." सर जे महिनाभर शिकवत होते, ते तिनं परातीवरून मान न उचलता उरकलं. मग तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "वर भूक लागली तर रं?" आणि माझ्या रविवारच्या फडक्यात एक भाकरी वाढवली.

असं करत करत थंडी सरली, आणि एका रविवारी सर म्हणाले, की आता तू एकट्यानं जायला हरकत नाही. माझ्या वयाला पालकाची संमती लागत होती. त्यांनी छापील कागद दिला. खाली दोन जागा होत्या, एक पालकाच्या सहीची, एक माझ्या. मी माझी सही तिथेच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून, लफ्फेदार करून टाकली. आबांची जागा कोरी घेऊन घरी आलो आणि आठ दिवस तो कागद खिशात घालून फिरलो. आबांकडे कागद घेऊन जायचं म्हणजे काय, हे ज्यानं कमी बोलणारा बाप पाहिला आहे त्यालाच कळेल. नाही म्हणाले असते तर माझं सगळं वर्ष, ते पाच-पाच तास, ते चरात पडणं, सगळं त्या एका शब्दात गेलं असतं. एकट्यानं उडालेला माणूस आणि पंखाचं टोक धरून पळणारा माणूस यांत मला तेव्हा आभाळाएवढं अंतर दिसत होतं.

शेवटी एका सकाळी मी गोठ्यात गेलो. आबा गाडीचं चाक काढून आसाला एरंडेलाचं काळं वंगण लावत होते. मी सगळं सांगितलं. सरांचं नाव, लष्कर, केंद्र सरकारमान्य आहे, आजवर कुणाला काही झालेलं नाही, असं पाठ करून आणलेलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. वंगणाच्या बांबूच्या नळ्यात चिंधी बुडवली, पिळली, पुन्हा आसावर फिरवली. मग विचारलं, "ते थांबवायचं कसं?"

गेनूअण्णाच्या हॉटेलात सहा महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना ते वर कसं जातं याची काळजी. मला उत्तर माहीत होतं. ते थांबत नाही, हे उत्तर होतं. वर असेपर्यंत चालूच राहावं लागतं, घाबरलं तर आणखी पुढे जावं लागतं, हे उत्तर होतं. पण हे ज्याला सांगायचं तो माणूस आयुष्यभर कासरा धरून बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात खाली कोरी जागा असलेला कागद.

मी म्हणालो, "कासऱ्यागतच हाय, आबा. म्होरं एक दांडी असतीया. उताराला आपण कासरा वढतो ना, तशी ती मागं वढायची. की झालं."

"वढली की ऱ्हातंय हुबं?"

"ऱ्हातंय की."

आबांनी कागदासाठी हात पुढे केला. घरात शाई नव्हती. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वंगणाच्या नळ्यात बुडवला, चिंधीला पुसून बेताचा केला आणि कागदावर टेकवला. काळाभोर, गोल, आणि एरंडेलाचा वास येणारा अंगठा. पुढच्या रविवारी सरांनी तो कागद नाकाशी नेला आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "संमती."

एकट्यानं उडायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी कारखान्यात ओव्हरटाइम पडला. त्याला नाही म्हणायची रीत नव्हती, आणि मला सवयही नव्हती. आबा शनिवारीच कडब्याची गाडी घेऊन पुण्याला गेले होते. रविवारी परतायच्या ऐवजी गाडी तशीच पुढे हाकत माळावर येणार होते. "बघतो तरी," एवढंच म्हणाले होते. मी पहाटे निघालो तेव्हा आईनं फडक्यात पाच भाकऱ्या, चटणी आणि कांदा बांधला. "ह्यातली एक वर खा," म्हणाली.

माळावर पोचलो तर बाभळीखाली आमची गाडी सोडलेली, बैल कडबा खात असलेले, आणि आबा उकिडवे बसून ग्लायडर निरखत असलेले. बैलबाजारात जनावर बघतात तसे. सरांनी त्यांना नमस्कार केला. आबांनीही केला.

मी हडकुळा असल्यानं सरांच्या रिकाम्या जागेवर वजनासाठी वाळूची पिशवी बांधली. सर म्हणाले, "चार मिनिटांचं काम आहे. वर जा, तार सोड, तीन वळणं, खाली ये. आवाज ऐकत राहा." मी भाकरीचं फडकं पायाशी ठेवलं. एका मुलानं पंखाचं टोक उचललं, आणि मला एकदम त्याची जागा फार सुखाची वाटली. पलीकडच्या टोकाला यंत्र गुरगुरलं, तार ताणली, आणि ढुंगणाखालची जमीन गेली.

वरपर्यंत सगळं बरोबर झालं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. तार सोडली, ती टण्‌कन गेली, आणि ती शांतता आली. वाऱ्याची एकसारखी बारीक घरघर. मी वाळूच्या पिशवीला म्हणालो, "सर, ठीक चाललंय ना?" पिशवी काही बोलली नाही, त्यालाच मी होकार मानला. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. खाली बाभळ दिसली, तिच्याखाली दोन पांढरे ठिपके, आणि त्यांच्याशेजारी एक उभा ठिपका. आबा उभे राहिले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की हे झालं की आता झोपायला मिळेल.

तिसऱ्या वळणानंतर नाक खाली झालं आणि समोरचा माळ उतारासारखा माझ्या अंगावर यायला लागला. वाऱ्याचा आवाज वाढला. वाढायलाच हवा होता. मला मात्र मागून भरलेली गाडी अंगावर येत असल्याचा भास झाला, आणि माझ्या हातानं दांडी मागे ओढली. मी ओढली असं म्हणवत नाही. हातानं ओढली. आणि तोंडानं, मला स्वच्छ ऐकू आलं, बैलांना थांबवताना म्हणतात तसं मी म्हणालो, "हो रं... हो रं!"

ग्लायडर उभं राहिलं. म्हणजे आबांना सांगितलं होतं अगदी तसं. नाक वर करून, मान ताठ करून, बैलासारखं. आवाज बारीक झाला, पोकळ झाला, आणि गेला. आईची मूठ पडायची ती वेळ. मी काय केलं? आणखी ओढली. सगळं खोकं थरथरलं, दांडी हातात सैल झाली, आणि आम्ही दोघं, मी आणि वाळूची पिशवी, खाली निघालो. मग मी माझ्या उड्डाणविद्येतली एकमेव शहाणपणाची गोष्ट केली: दांडी सोडून दोन्ही हातांनी पिशवीला मिठी मारली. माझा हात निघाल्याबरोबर ग्लायडरनं स्वतःहून नाक खाली घातलं, वेग घेतला, आणि नीट चालू लागलं. त्याला कुणी फारसं शिकवायची गरज नव्हती.

पण उंची गेली होती. केंद्राचा माळ पुढे राहिला आणि मध्ये एकाचं नांगरलेलं वावर आलं. जमीन जवळ दिसली, आणि हाताला पुन्हा तेच एक सुचलं. दोन पुरुष उंचीवरून आम्ही आपटलो. खालची लाकडी पट्टी मोडली, माझा डावा खांदा खोक्याच्या काठावर आदळला, पिशवी फाटली, आणि आम्ही ढेकळांतून घसरत बांधापर्यंत गेलो. मी सगळा वेळ "हो रं" म्हणत होतो. बांधापाशी एक म्हातारा नांगर टाकून, दोन बैलांना आवरत, तोंड उघडं ठेवून उभा होता. माझं तोंड वाळूनं भरलेलं. तो जवळ आला, माझ्याकडे बघितलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "आरं, थांबवायला काय न्हाई व्हय ह्याला?"

सर पळत आले. आधी माझे हातपाय चाचपले, मग ग्लायडरचे. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, माझं. सर हळू बोलायला लागले, म्हणजे ते खरोखर चिडले होते. "दांडी मागे का ओढलीस? दोनदा?"

"थांबवायला, सर."

"थांबवायला! कुणी सांगितलं तुला, दांडी ओढली की ते थांबतं म्हणून?"

त्यांच्या खांद्यामागे आबा येऊन उभे होते. धापा टाकत. पायांत वहाण एकच होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या वावरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आबा पुढे आले. खाली वाकले, भाकरीचं फडकं उचललं, झटकलं, आणि काखेत धरलं.

एका डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. सायकल गाडीच्या मागे बांधली. मी उरलेल्या कडब्यावर आडवा झालो आणि आम्ही घरी निघालो. बैलगाडीत मोडलेलं हाड घेऊन इतकं अंतर यायचं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला नावानिशी माहीत आहे. खडकीला आबांनी फडकं सोडलं. भाकरीत वाळू गेली होती. आम्ही दोघांनी ती करकर चावत खाल्ली. आबा शिव्या देतील म्हणून मी तयार होतो, आणि शिव्या येत नव्हत्या, त्यामुळे थकवा जास्त येत होता. मी इतका दमलो होतो की रडायलाही उठून बसावं लागेल, म्हणून रडलो नाही.

दापोडीच्या पुलाकडे उतार लागला. आबांनी कासरा ताणला. पवळ्या-मोऱ्यांनी माना वर केल्या, गाडी मंदावली. पुढे बघतच आबांनी विचारलं, "मंग थांबतं कसं त्ये?"

मी आभाळाकडे बघत पडलो होतो. म्हणालो, "थांबत न्हाई, आबा."

"आजाबात?"

"आजाबात. वर हाय तवर चालूच ऱ्हायाचं. भ्यालं तर आजून म्होरं जायाचं. भुईवर आल्याबिगर थांबनं न्हाई."

"आसं हाय व्हय," आबा म्हणाले.

पूल गेला. कासारवाडी गेली. पिंपरीच्या कारखान्याच्या भिंतीपाशी आल्यावर ते पुन्हा बोलले. तोवर मला वाटलं होतं विषय संपला. "गोठ्यात इचारलं तवा ह्येच सांगायचं व्हतंस की. म्या आंगठा दिला असता."

मी विचारलं, "थांबत न्हाई म्हनल्यावर बी?"

"जनावर कसं हाय त्ये कळलं म्हंजी झालं," आबा म्हणाले. "थांबतं म्हनून सोडलं म्या तुला."

घरी आल्यावर आईनं माझा बांधलेला हात बघितला, तोंडावर पदर घेतला, आणि जरा वेळानं, चूल पेटवता पेटवता, विचारलंच, "वर खाल्लीस का रं भाकर?"

हाड दोन महिन्यांनी जुळलं, थोडं वाकडं. सरांनी मला सोडलं नव्हतं. त्यांचं पत्र आलं: चूक प्रत्येक जण करतो, तू परत ये, पण संमती नव्यानं लागेल. सोबत तसाच छापील कागद. तो मी कुणाला दाखवला नाही, फळीवर डब्याखाली ठेवला. आईनं डबा काढताना तो आबांना दिला असावा. चार दिवसांनी बघितलं तर पालकाच्या जागी वंगणाचा अंगठा होता. मला काही विचारलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. मी रोज म्हणायचो, या रविवारी जाऊ. रविवार आला की खांदा दुखतोय म्हणायचो, शिफ्ट बदललीय म्हणायचो, वारा फार आहे म्हणायचो. आता खोटं बोलायचं वय राहिलं नाही. मी भ्यालो होतो, आणि मला जन्मापासून भ्यालं की ओढायचंच शिकवलेलं होतं.

गेनूअण्णाच्या हॉटेलात मी जायचं टाळू लागलो. पण प्रश्न काही थांबले नाहीत. ते आबांकडे गेले. आबा गाडी सोडून चहाला बसले, की लोक त्यांना विचारत, कारण त्यांनी ते जवळून पाहिलं होतं, आणि आबा बशीत चहा ओतत सांगत, "थांबत न्हाई त्ये. वर हाय तवर चालूच ऱ्हातंय." एवढंच. सगळ्या टापूत विमानाबद्दलचं तेवढं एक उत्तर बरोबर होतं.

आमच्या वावराच्या जागी आता इमारती आहेत. त्यांतल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर बसून हे लिहितो आहे, आणि लिहिता लिहिता दोनदा डोळा लागला. तो दुसरा कागद माझ्या ट्रंकेत आहे. पिवळा पडला, घड्यांवर फाटला. आबांचा अंगठा मात्र अजून काळाभोर आहे, रेघ न् रेघ दिसते, आणि नाकाशी नेला तर एरंडेलाचा वास येतो असं मला वाटतं. त्याच्या खालची जागा माझ्या सहीची. ती कोरी आहे.